रावेर ते गोमुख : साठा पाहण्याचा प्रवास

रावेर तालुक्यातल्या माणसाने पाठीवर पिशवी टाकून हिमनदी पाहायला का जावं, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. काशी-गंगोत्रीची यात्रा खानदेशाला नवी नाही. भुसावळ-खंडवा मार्गावर रावेरचं स्थानक आहे आणि त्याच रुळांनी दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्या पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंना उत्तरेला नेत आल्या आहेत. पण यात्रेकरू देवाला जातो, हिमनदीला नाही. हिमनदी पाहायची म्हटलं की शेतकऱ्याच्या घरातून रास्त शंका येते: त्या बर्फाचा एक थेंबही आपल्या शेतात येत नाही, मग तो पाहून काय मिळणार? तापी मुलताईला उगम पावते, ७२४ किलोमीटर वाहत जाऊन अरबी समुद्राला मिळते आणि तिच्या साऱ्या खोऱ्यात बर्फाचा कणही नाही. तिला पाणी मिळतं ते पावसाचं, आणि पाऊस सरल्यावर जमिनीतून पाझरणारं. शंका खरी आहे, तरी तिच्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. रावेरचं जगणं ज्या साठ्यावर उभं आहे तो जमिनीखाली आहे आणि डोळ्यांना दिसत नाही. हिमनदी हा पाण्याचा असा साठा आहे की ज्यात भर कुठे पडते, घट कुठे होते आणि तूट किती काळ चालू आहे हे उघड्या डोळ्यांनी पाहता येतं. भूजलावर जगणाऱ्याने हिमनदी पाहावी ती एवढ्यासाठी. न दिसणाऱ्या साठ्याचा विचार कसा करायचा, हे दिसणाऱ्या साठ्यापाशी शिकता येतं.

आता हिमनदी कोणती? भारताच्या ताब्यातली सर्वांत लांब हिमनदी सियाचिन, सुमारे ७६ किलोमीटरची. पण ती काराकोरममध्ये, लष्कराच्या पहाऱ्यात आहे आणि सामान्य पायी प्रवाशाला मनात आलं म्हणून तिथे जाता येत नाही. सिक्कीममधली झेमू साधारण २६ किलोमीटरची, पण तिथली वाट लांबची आणि परवान्यांची. उरते गंगोत्री. लांबी सुमारे ३० किलोमीटर, रुंदी अर्ध्यापासून अडीच किलोमीटरपर्यंत, उगम चौखंबा शिखरसमूहाच्या कुशीत आणि मुख गोमुखाला, समुद्रसपाटीपासून साधारण चार हजार मीटरवर. चौखंब्याचं मुख्य शिखर ७,१३८ मीटर उंच आहे, म्हणजे या हिमनदीचा माथा आणि तोंड यांच्यात उभ्या उंचीचा मोठा फरक आहे. रक्तवर्ण, चतुरंगी, कीर्ती, स्वच्छंद, घनोहिम अशा उपहिमनद्यांचं हे कुटुंब आहे. रक्तवर्ण आणि चतुरंगी एकेकाळी मुख्य प्रवाहाला येऊन मिळत. आज त्यांचा बर्फ मागे सरला आहे आणि मुख्य हिमनदीपर्यंत पोचतं ते त्यांचं पाणी. एवढी मोठी, एवढी अभ्यासलेली आणि तरीही पायी गाठता येणारी हिमनदी आपल्याकडे दुसरी क्वचितच असेल.

वाट अशी. रेल्वेने हरिद्वार किंवा ऋषिकेश, तिथून उत्तरकाशीमार्गे गंगोत्रीपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास डोंगरी रस्ता. गंगोत्री गाव सुमारे ३,१०० मीटरवर आहे आणि देवळाचे दरवाजे अक्षय्य तृतीयेला उघडून दिवाळीच्या सुमारास बंद होतात. पुढे गाडी नाही. गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाचा परवाना घ्यायचा आणि चालायचं. गोमुखाच्या वाटेवर दिवसाला १५० जणांनाच सोडतात, म्हणून परवान्याची तजवीज आधी करावी. गंगोत्रीपासून ९ किलोमीटरवर चीडबासा, १४ वर भोजबासा आणि १८ च्या आसपास गोमुख. मुक्काम भोजबाशाला करतात. मे-जून किंवा पावसाळा ओसरल्यावरचे सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस बरे. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी रस्ता अडवतात. रावेर समुद्रसपाटीपासून साधारण अडीचशे मीटरवर आहे. मे महिन्यात ४५ अंशांची सवय असलेलं शरीर दोन-तीन दिवसांत चार हजार मीटरवर नेलं, तर उन्हाची ती सवय तिथे कामाला येत नाही. विरळ हवेचा त्रास तरुण-म्हातारा, पैलवान-काटकुळा पाहत नाही. उत्तरकाशीला आणि गंगोत्रीला मुक्काम टाकून हळूहळू चढावं, भरपूर पाणी प्यावं, आणि डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा तोल जाणं सुरू झालं तर पुढे न जाता खाली उतरावं. यात धीर दाखवण्यासारखं काही नाही. पाठीवरच्या पिशवीत उबदार कपडे, पावसाळी अंगरखा, सुका खाऊ आणि आपला कचरा परत आणायची थैली, एवढं आलं की पुरे. गोमुखाच्या पुढे ४,४०० मीटरच्या वर तपोवनाचं कुरण आहे आणि त्याच्यावर ६,५४३ मीटरचं शिवलिंग शिखर. तिकडची वाट हिमनदी ओलांडून जाते, म्हणून जाणत्या वाटाड्याशिवाय तिथे पाऊल टाकू नये.

पायी जाण्याचा आग्रह हौसेचा नाही. या वाटेवरचा पुरावा पायी चालणाऱ्याच्या गतीनेच वाचता येतो, आणि तो गोमुखाच्या कितीतरी आधी सुरू होतो. हर्षीलच्या अलीकडे झाला नावाचं गाव लागतं. तिथवर भागीरथी अरुंद घळीतून येते आणि मग दरी एकदम रुंद, सपाट होते. एका जुन्या हिमयुगी टप्प्यात, सुमारे ६३ हजार वर्षांपूर्वी, ही हिमनदी झाल्यापर्यंत पसरली होती असं भूवैज्ञानिकांनी दाखवलं आहे. म्हणजे आज बस ज्या दरीतून जाते तिथे एकेकाळी बर्फ होता. नदी दरी खोदते तेव्हा ती तळाशी निमुळती होते. हिमनदी मात्र तळ आणि बाजू दोन्ही खरवडून तिला पसरट करते. हा फरक नकाशावर कळत नाही, दरीत उभं राहिलं की कळतो. गंगोत्रीच्या पुढे चीडबाशाला चीड आणि भोजबाशाला भोजवृक्ष असावेत असं नावं सांगतात. भोजबाशाला भोज फारसे उरलेले नाहीत. सरपणासाठी आणि मुक्कामाच्या सोयींसाठी ते तुटत गेले. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी पुढे वर्षानुवर्षं तिथे भोजाची रोपं लावण्याचं काम केलं. एका जागेचं नावच तिच्या तुटीची नोंद ठरावं, असं उदाहरण शोधायला लांब जायला नको. खानदेशातल्या कितीतरी आंबराईंची नावं आज आंब्यांशिवाय उरली आहेत.

गोमुखाला पोचल्यावर पहिली निराशा होते ती रंगाची. छायाचित्रांनी मनात ठसवलेला शुभ्र बर्फ तिथे नसतो. दिसतो तो राखी, दगडगोट्यांनी झाकलेला उंचवटा, त्याला पडलेल्या निळसर भेगा आणि खालच्या गुहेतून घोंगावत बाहेर पडणारं गढूळ पाणी. बऱ्याच जणांना ही दगडांची दरडच वाटते. पण याच निराशेपाशी समज सुरू होते. वरच्या उंच खोऱ्यांत पडलेलं हिम वर्षानुवर्षं एकावर एक साचतं, स्वतःच्या भाराने दाबलं जाऊन बर्फ होतं, आणि हा बर्फ उतारावरून अतिशय संथ गतीने वाहू लागतो. वाहताना तो कड्यांवरून पडलेले दगड पाठीवर घेतो, तळाचा खडक घासतो आणि त्याचं पीठ करतो. गोमुखाचं पाणी गढूळ असतं ते या दगडी पिठामुळे. वरच्या भागात हिमाची भर पडते, खालच्या भागात वितळ होते. वर्षाअखेरीस भर जास्त की घट जास्त, यावर हिमनदी वाढते की आटते ते ठरतं. हिमनदीचे अभ्यासक याला सरळ जमाखर्चच म्हणतात. यातली एक गोष्ट खानदेशी प्रवाशाने विशेष लक्षात घ्यावी. मध्य हिमालयातल्या हिमनद्यांना भर पडते ती बरीचशी पावसाळ्यातच, कारण आपल्याकडे पाऊस आणणारे तेच मोसमी वारे तिथे हिम टाकतात. हवा तापली की त्याच ढगातून हिमाऐवजी पाऊस पडतो. अशा वेळी भर तर हुकतेच, शिवाय पावसाचं पाणी आणि उघडा पडलेला गडद पृष्ठभाग वितळ वाढवतात.

दगडांच्या आवरणाचा खेळही असाच बारीक आहे. दगडांचा थर पातळ असला तर तो उन्हाने तापून खालचा बर्फ लवकर वितळवतो. जाड असला तर उलट उन्हाला अडवून बर्फाला सांभाळतो. गंगोत्रीच्या खालच्या भागावर जाड आवरण आहे, म्हणून तिचं तोंड जितक्या वेगाने मागे हटतं तेवढ्यावरून तिची तब्येत कळत नाही. तोंड जागच्या जागी दिसत असतानाही अंग रोडावत असतं. हे रोडावणं पाहायचं तर नजर बाजूला वळवावी. हिमनदीच्या दोन्ही काठांना दगडमातीचे उंच, उभ्या कापाचे बांध दिसतात. त्यांना हिमोढ म्हणतात. बर्फ या बांधांच्या माथ्यापर्यंत होता तेव्हा ते रचले गेले. आज बर्फाचा पृष्ठभाग त्यांच्या माथ्यापासून कितीतरी खाली आहे. माथा आणि पृष्ठभाग यांच्यातली मोकळी जागा म्हणजे गेलेला बर्फ. ती पाहायला यंत्र लागत नाही.

मोजमापही हाताशी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जे. बी. ऑडन यांनी १९३५ मध्ये गोमुखाचं रीतसर नकाशांकन केलं. त्यानंतर वेळोवेळी झालेल्या मोजणीतून १९३५ ते १९९६ या काळात तोंड एक किलोमीटरहून अधिक, म्हणजे वर्षाला सरासरी १९ मीटरच्या आसपास मागे हटल्याचं दिसलं. पुढच्या काळात हा वेग कधी कमी तर कधी जास्त नोंदला गेला, पण दिशा बदलली नाही. अख्ख्या हिंदुकुश-हिमालयाचा विचार केला तर काठमांडूच्या इसिमोड या संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार २०११ ते २०२० या दशकात हिमनद्यांची घट आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के वेगाने झाली. उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर शतकाअखेर त्यांचं आकारमान ८० टक्क्यांपर्यंत घटू शकतं असंही तो अहवाल सांगतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या रक्षणासाठी आणि २१ मार्च हा त्यांचा दिवस म्हणून जाहीर केला तो या पार्श्वभूमीवर.

इथे जाणता वाचक हरकत घेईल, आणि ती घ्यायलाच हवी. हिमनद्यांच्या नावाने अतिशयोक्ती पुष्कळ झाली आहे. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय मंडळाच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असं वाक्य होतं. ते निराधार निघालं आणि २०१० मध्ये मंडळाला चूक कबूल करावी लागली. ‘हिमनदी संपली की गंगा आटेल’ हेही तसंच अर्धसत्य आहे. गंगेच्या वरच्या खोऱ्यातल्या प्रवाहात हिमनदीच्या वितळीचा वाटा ११-१२ टक्क्यांच्या घरात आणि पावसाचा दोनतृतीयांशाच्या आसपास असल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात आढळलं. खाली मैदानात तर हा वाटा आणखी घटतो. मग एवढ्या थोड्या पाण्यासाठी एवढा घोर कशाला?

कारण साठ्याची किंमत त्यातून वर्षभरात किती पाणी निघालं यावर ठरत नाही, ते कधी निघालं यावर ठरते. ऑगस्टमध्ये नदीला पूर असताना हिमनदीने आणखी पाणी दिलं काय, न दिलं काय, कोणाला फरक पडत नाही. पण पावसाआधीच्या कोरड्या आठवड्यांत, किंवा पाऊस दगा देतो त्या वर्षी, वरच्या खोऱ्यात तेच पाणी आधार असतं. वार्षिक सरासरीत ११ टक्के दिसणारा वाटा त्या आठवड्यांत कितीतरी मोठा होतो. हे गणित रावेरच्या केळी उत्पादकाला समजावून सांगावं लागत नाही. केळी हे बाराही महिने पाणी मागणारं पीक. मृगबाग असो की कांदेबाग, दोन्हींना उन्हाळा काढावाच लागतो. वर्षाच्या एकूण पाण्यात एप्रिल-मेच्या पाण्याचा हिस्सा कितीही लहान असला, तरी ते चुकलं तर घड पोसत नाही आणि आधीच्या सगळ्या महिन्यांचं पाणी व खत वाया जातं. म्हणून ‘वाटा लहान आहे, काळजी नको’ हा युक्तिवाद बर्फाला लागू नाही, तसा विहिरीलाही नाही.

रावेरची विहीर ज्याच्यावर भरते तो साठा कसा आहे ते आता पाहू. सातपुड्याच्या पायथ्याशी, डोंगर आणि तापीकाठची काळी गाळजमीन यांच्यामध्ये, मोठे दगड, गोटे, वाळू आणि माती यांचा पूर्वेकडून पश्चिमेकडे पसरलेला पट्टा आहे. त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून वेगाने उतरणाऱ्या नद्या-नाल्यांचा जोर सपाटीला आला की ओसरतो, आणि त्यांनी आणलेले दगडगोटे तिथेच पंख्यासारखे पसरतात. असे पंखे एकमेकांत मिसळून हा पट्टा तयार झाला. त्यात पाणी झपाट्याने मुरतं आणि पुढे तापीकडच्या गाळथराला मिळतं. रावेर-यावलच्या केळीबागांमागचं खरं भांडवल हे आहे. गंगोत्रीच्या वाटेवर धराली गाव ज्या जमिनीवर वसलं, तीही खीरगाड ओढ्याने आणून टाकलेल्या दगडमातीचा असाच पंखा आहे. ५ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच ओढ्याने पुन्हा तेच काम केलं आणि गावाचा मोठा भाग ढिगाऱ्याखाली गेला. महाराष्ट्रातले कितीतरी प्रवासी त्या वेळी त्या भागात अडकले होते. बझाड्याचा एकेक थर कसा रचला गेला असेल ते धरालीत दिसतं. आपल्या केळीबागेखालची जमीन कशी तयार झाली हे कळायला हिमालयात जावं लागतं ते एवढ्यासाठी की तिथे ते काम अजून चालू आहे.

हिमनदी म्हणजे कणगी आणि बझाडा म्हणजे पेव. कणगीतलं धान्य उतरलं की घरातल्या पोरालाही दिसतं. पेव मात्र उघडून आत उतरेपर्यंत भरलेलंच वाटतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनात रावेर आणि यावल हे तालुके अनेक वर्षं अतिउपशाच्या वर्गात आहेत, म्हणजे पाऊस जितकं पाणी जमिनीत घालतो त्याहून अधिक उपसलं जातं. तूट वाढते तसं जमिनीतलं पाणी खोल जातं, विहिरीचं बोअर होतं, बोअर आणखी खोल होतं, पंपाची ताकद वाढते, आणि बागेत पाणी येतच राहतं. बाग हिरवी असते म्हणून साठा भरलेला वाटतो. गोमुखाचंही तसंच आहे. वितळ वाढते तेव्हा काही काळ नदीला पाणी जास्तच येतं. खालच्या माणसाला ते समृद्धीचं लक्षण वाटतं, पण ते घटीचं पाणी असतं. प्रवाह आणि साठा यांत गफलत करू नये, हा गंगोत्रीने शिकवायचा मुख्य धडा आहे.

या तुलनेवर हरकत आहे, आणि ती वजनदार आहे. हिमनदी आणि भूजल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक आटते ती जगभरच्या तापमानाने, दुसरं आटतं ते गावातल्या पंपांनी. एकीला भरायला शतकं लागतात, दुसऱ्यात चांगल्या पावसाळ्याने वर्षभरात भर पडते. हे सगळं खरं आहे. पण तुलना रूपाची नाही, हिशेबाच्या रीतीची आहे. भर कुठे पडते, घट कुठे होते, दोन्हींचा मेळ किती वर्षांनी घ्यायचा आणि त्याची खूण कुठे पाहायची, हे चार प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत. उलट वेगळेपणानेच शिकायला जास्त मिळतं. हिमनदीचा काळ फार लांब असतो, त्यामुळे ती ‘यंदा पाऊस बरा झाला’ या समाधानातून बाहेर काढते. चंद्रपूरजवळ इरई येथे चुनखडकाचा ओरखडे पडलेला, गुळगुळीत झालेला पृष्ठभाग १८७० च्या दशकात भूवैज्ञानिकांना आढळला. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी तिथून हिमनदी घसरत गेल्याच्या त्या खुणा आहेत. आज महाराष्ट्रातल्या सर्वांत उष्ण जिल्ह्यांपैकी एकात एकेकाळी बर्फ होता. निसर्गात साठे येतात आणि जातातही, हे त्यावरून मान्य करावं. पण त्यातून ‘मग आताही आपोआपच चाललंय’ असा निष्कर्ष काढू नये. इरईचा बर्फ लाखो वर्षांच्या संथ बदलाने गेला. गोमुखाची घट एका माणसाच्या आयुष्यात मावते, आणि बझाड्यातली घट एका बोअरच्या आयुष्यात.

दुसरी हरकत नैतिक आहे. हिमनदी आटते म्हणून ती पाहायला जायचं, आणि जाताना गाडीचा धूर, प्लास्टिक, सरपण यांनी तिच्यावर आणखी ओझं टाकायचं, हा दुटप्पीपणा नाही का? काही प्रमाणात आहे. एका पायी प्रवाशाने हिमनदी वितळत नाही, पण लाखो प्रवाशांसाठी रुंद केलेले रस्ते, कापलेले डोंगर आणि ओढ्यांच्या पात्रात उभी राहिलेली हॉटेलं यांचा हिशेब मांडावाच लागतो. गोमुखापासून उत्तरकाशीपर्यंतचा भागीरथीचा पट्टा २०१२ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला तो याच काळजीतून. म्हणून जायचं तर रेल्वेने, मोसमाबाहेरची घाई न करता, ठरलेल्या १५० जणांच्या मर्यादेत आणि आपला कचरा आपण वाहून परत आणत. हेलिकॉप्टरने किंवा दोन दिवसांत चार धाम उरकणाऱ्या गाडीने जाऊन हिमनदी ‘झाली’ असं म्हणणाऱ्याने घरीच राहिलेलं बरं. त्या प्रवासात ओझं पुरेपूर पडतं आणि समज काहीच येत नाही. धोक्याच्या बाबतीतही हेच. गोमुखाच्या गुहेच्या तोंडाशी जाऊ नये, तिथून बर्फाचे मोठे तुकडे कधीही कोसळतात. पात्रालगतच्या सोयीपेक्षा उंचावरचा साधा मुक्काम निवडावा.

तिसरी हरकत अशी की आता सारं पडद्यावर दिसतं, उपग्रहांची जुनी-नवी चित्रं शेजारी ठेवून घट पाहता येते, मग खर्च आणि जोखीम कशाला? उपग्रहाचं चित्र आकडा देतं आणि तो आकडा डोळ्यांपेक्षा अचूकच असतो. पण वर्षाला १९ मीटर हा आकडा वाचणाऱ्याच्या मनात पडून राहतो, कारण त्याला शेजार नसतो. हिमोढाच्या माथ्यावरून खाली बर्फाकडे पाहणाऱ्याला त्या आकड्याची जाडी कळते. तरीही एक कबूल करायला हवं. ज्याला जाणं शक्य नाही त्याचं शिक्षण अडत नाही, कारण साठा पाहायला रावेरच्या शेजारीही एक जागा आहे. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास, मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानान तिथे असताना बांधला गेला. सातपुड्याकडून जमिनीखालून सरकणारं पाणी बोगद्यात अडवायचं आणि शंभरावर कुंड्यांच्या ओळीतून, केवळ उताराच्या जोरावर, शहराकडे न्यायचं, अशी ती रचना. लोक आजही तिच्यात उतरून वाहतं पाणी पाहतात. पेवाच्या आत उतरून पाहायची सोय खानदेशाला चारशे वर्षांपूर्वीच झाली होती. त्या बांधणाऱ्यांकडे पंप नव्हता, म्हणून साठा जेवढं देईल तेवढंच घ्यायची त्यांना सक्ती होती. आजचा फरक पाण्याचा कमी आणि त्या सक्तीचा जास्त आहे.

ठिबक सिंचनाने भूजलाची तूट भरेल असं मानणारेही पुष्कळ आहेत, आणि जळगाव जिल्ह्याने ठिबक आणि उतिसंवर्धित केळीत देशाला वाट दाखवली हे खरं आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ठिबक घटीचा वेग कमी करतं ते वाचलेलं पाणी जमिनीत राहू दिलं तरच. तेच पाणी नव्या लागवडीला गेलं तर झाडामागचा वापर घटतो आणि साठ्यातली तूट तशीच राहते. पुराचं पाणी बझाड्यात मुरवायची तापी महापुनर्भरण योजना बरीच वर्षं चर्चेत होती. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तिच्यावर करार केला. ती पूर्ण झाली तर साठ्यात भर घालण्याचा मोठा मार्ग खुला होईल. पण भर वाढवणारी योजना उपशाचा प्रश्न सोडवत नाही. वर हिम भरपूर पडूनही खालची वितळ त्याहून जास्त असेल तर हिमनदी आटतेच, हे गोमुखाला जाऊन आलेल्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून रावेरहून हिमनदीला जाणाऱ्याने प्रवासाचा आराखडा थोडा लांबवावा. निघण्याआधी एक दिवस कुंडी भंडाऱ्यात घालवावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या गावाजवळच्या विहिरीच्या जुन्या नोंदी पाहून घ्याव्यात आणि परतल्यावर त्याच विहिरीचं ऑक्टोबरचं आणि मेचं माप दरवर्षी ग्रामसभेत मागावं. गावाचं पीक किती पाण्यावर लावायचं हे त्या मापावरून ठरवणं अवघड आहे, कारण शेजाऱ्याने उपसा चालू ठेवला तर आपल्या संयमाला अर्थ उरत नाही. माप सर्वांसमोर मांडलं गेलं तरच ती अडचण निदान बोलता येते. गोमुखाची घट थांबवणं रावेरच्या हातात नाही. तिचा निकाल जगभरच्या कोळशावर आणि तेलावर लागेल. बझाड्यातली घट मात्र रावेरनेच केली आहे आणि ती थांबवणंही बहुतांशी रावेरलाच शक्य आहे. हिमालयाची वारी त्या कामाची तयारी म्हणून केली, तर तिच्यावर खर्चलेला पैसा आणि श्रम वसूल झाले असं म्हणता येईल.